'रेफर' ते बारसं

नवजात बाळाला ऐकू येतं का हे तपासायला, ते दूध पिऊन गाढ झोपलं की कानाच्या तोंडाशी मऊ टोकाचा प्रोब बसवतात. त्यातून बारीक टिकटिक आत जाते. आतल्या कर्णावर्तातल्या केशपेशी धड असतील, तर त्या स्वतःच अगदी क्षीण आवाज परत पाठवतात. डेव्हिड केम्प यांनी हे १९७८ मध्ये दाखवून दिलं. या चाचणीला ओएई म्हणतात. काही मिनिटांत पडद्यावर 'पास' किंवा 'रेफर' येतं.

'रेफर' म्हणजे 'पुन्हा तपासा', एवढंच. पण घरच्यांना ऐकू येतं 'बहिरं'. पहिल्या २४ तासांत मधल्या कानात पाणी असू शकतं, कानाच्या नळीत जन्माच्या वेळचा पांढरा लेप असू शकतो. प्रोब सैल बसला किंवा वॉर्डात गलका असला तरी चाचणी अडते. कायमचा श्रवणदोष हजारात १ ते ३ बाळांना असतो. समजा, पहिल्या फेरीत हजारातली ५० अडली, तर किमान ४७ घरांतली झोप उगाच उडाली.

मग ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये थाळ्या वाजू लागतात. बारशाला आत्या कानात कुर्र करते तेव्हा आईचं लक्ष नावाकडे नसतं, बाळ दचकलं का याकडे असतं. थाळीवर विसंबू नका. झोपेत ऐकणारं बाळही हलत नाही, आणि एकच कान अधू असला तरी ते दचकतं. 'ग्रहणात काय चिरलंस?' हा प्रश्न तर निव्वळ छळ आहे. ऐकू येणाऱ्या आईवडिलांकडूनही सुप्त जनुकं येऊ शकतात.

भीती खरी कमी होते ती तारखेने. डिस्चार्ज कार्डावर फेरचाचणीचा दिवस लिहून घ्या. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत बेराने (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी चाचणी) निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र, असा हिशेब आहे. पाच दिवसांहून अधिक काळ एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) राहिलेल्या बाळाची बेरा आधीच मागा. कानाच्या नसेत दोष असला तरी ओएई 'पास' दाखवू शकते. वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा-श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. वाशीहून हार्बरने वडाळ्याला गाडी बदलायची, ठाण्याहून दादरला. जाताना बाळाला उपाशी आणि जागं ठेवा, तिथे पाजून झोपवा. कानात तेल घालू नका.