माळ्यावरची विमानं

बेळगावहून बागलकोटच्या रस्त्याला लागलं की सांबरा येतं. इथली धावपट्टी ब्रिटिश हवाई दलानं 1942 मध्ये बांधली. डिसेंबर 1961 मध्ये गोवामुक्तीच्या वेळी भारताची हंटर लढाऊ विमानं इथूनच झेपावली. या आठवणीला दुसरंही एक निमित्त आहे: मोठ्या संग्रहालयांची लोकांना न दिसणारी विमानं बऱ्याचदा अशाच युद्धकाळातल्या धावपट्ट्यांवर, जुन्या हँगरांत पडून असतात. लंडनच्या सायन्स म्यूझियमनं 1979 मध्ये राऊटनचा हवाई तळ घेतला तो याचसाठी. कॉमेट, ट्रायडंट, कॉन्स्टेलेशन अशी प्रवासी विमानं शहरातल्या दालनात मावणार कशी?

पण जागेची अडचण ही नंतरची गोष्ट. विमानं अशी दूर नेऊन ठेवायला सुरुवात झाली ती भीतीपोटी. बर्लिनच्या विमानसंग्रहालयात शंभरावर विमानं होती. 1943 मध्ये इमारतीवर बाँब पडले, बरीचशी विमानं जळाली आणि उरलेली पूर्वेकडे हलवली गेली. युद्ध संपलं, सीमा बदलली आणि ती जागा पोलंडमध्ये आली. पुढं क्राकोव्हच्या जुन्या विमानतळावर संग्रहालय उभं राहिलं, आणि ही विमानं कुणाची हा वाद मागे राहिला. वस्तू जागची हलत नाही, रेषा मात्र हलते. 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात गेलेल्या बेळगावकराला हे वेगळं समजावायला नको.

अमेरिकेची कथा थोडी निराळी. तिथल्या लष्करी हवाई दलाचे प्रमुख जनरल आर्नल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे नमुने राखून ठेवायला लावले. ते शिकागोजवळच्या एका कारखान्यात होते. कोरियाचं युद्ध पेटलं, कारखाना सैन्याला परत हवा झाला आणि विमानं एकाएकी बेघर झाली. स्मिथसोनियन संग्रहालयाच्या विमानसंग्रहाचे पॉल गार्बर यांनी वॉशिंग्टनजवळ सिल्व्हर हिल इथं जागा मिळवली. पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या. पुढं त्या गोदामाला गार्बर यांचंच नाव दिलं गेलं.

हिरोशिमावर बाँब टाकणारं एनोला गे मात्र कित्येक वर्षं अँड्र्यूज तळावर उघड्यावर होतं. पक्ष्यांनी आत घरटी केली, हौशी लोकांनी सुटे भाग पळवले. 1960 नंतर ते तुकड्यातुकड्यांनी सिल्व्हर हिलला गेलं. 1984 मध्ये डागडुजी सुरू झाली, आणि अख्खं विमान लोकांना पाहायला मिळालं ते 2003 मध्ये. म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ ते तुकड्यांतच होतं. घरातली तांब्याची घंगाळं माळ्यावर टाकतो तसंच हे. टाकून दिली नव्हती, म्हणून तर पुन्हा खाली काढता आली.

आपल्याकडं लिबरेटर बाँबफेकी विमानांचं असंच झालं. युद्धानंतर ती कानपूरच्या आवारात मोडून टाकलेली होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी ती जोडून उडती केली आणि हवाई दलानं 1968 पर्यंत वापरली. निवृत्तीनंतर त्यांतली काही ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेच्या संग्रहालयांत गेली. एक दिल्लीच्या पालम संग्रहालयात आहे. ज्या देशांनी ती भंगारात काढली, त्यांनाच नंतर ती आपल्याकडून न्यावी लागली, ही गंमत मला फार आवडते.

बंद दारामागं ठेवण्याचं कारण साधं आहे: ऊन, पाणी, मीठ. ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशी येते तसा गंज चढतो, टायर तडकतात, काचेसारखं प्लॅस्टिक धुरकट होतं. विमानातल्या जुन्या मापकांच्या तबकड्यांवरच्या अंधारात चमकणाऱ्या रंगात रेडियम असतं, म्हणून तिथं कुणालाही मोकाट हात लावू देत नाहीत.

सांबऱ्याहून चोर्ला घाट उतरून वास्कोला गेलात, तर बोगमाळोजवळ नौदलाचं विमानसंग्रहालय आहे, 1998 पासूनचं. तिथलं सुपर कॉन्स्टेलेशन आधी एअर इंडियाचं, मग हवाई दलाचं, मग नौदलाचं. 1961 मध्ये दाभोळीच्या बाँबनं फुटलेल्या धावपट्टीवरून रात्रीच कराचीकडे निसटलेलं पोर्तुगीजांचं विमानही याच जातीचं होतं. हे मात्र कुठंच जात नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि जून लागला की पावसात उभं.