वंशाधारित सकारात्मक कृती, अमेरिकेतील

अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेश, नोकरभरती आणि सरकारी कंत्राटे यांत कृष्णवर्णीय व अन्य अल्पसंख्य समूहांना वाव मिळावा म्हणून उमेदवाराच्या वंशाची जाणीवपूर्वक दखल घेण्याच्या धोरणाला सकारात्मक कृती किंवा अफर्मेटिव्ह ॲक्शन असे म्हणतात. भारतातील आरक्षणाशी त्याची तुलना नेहमी होते, परंतु दोहोंत मूलभूत फरक आहे. भारतात राखीव जागांना राज्यघटनेचाच आधार आहे, तर अमेरिकी विद्यापीठांत वंशानुसार जागा राखून ठेवणे १९७८ पासून बेकायदा ठरले आहे. त्यामुळे तिथला वाद पुढे कोट्याचा राहिला नाही. अर्ज तपासताना वंश हा अनेक घटकांपैकी एक धरणे न्याय्य आहे की नाही, हा त्याचा विषय होता.

गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, पण दक्षिणेकडील राज्यांत वंशभेदाचे कायदे त्यानंतर जवळपास शतकभर टिकले, आणि उत्तरेतही कुशल कामगारांच्या अनेक संघटनांनी कृष्णवर्णीयांना दार बंद ठेवले. विसाव्या शतकाच्या मध्यावर सरकारी हमीची गृहकर्जे कृष्णवर्णीय वस्त्यांना नाकारली जात. मध्यमवर्गीय कुटुंबाची मुख्य मालमत्ता घर हीच असल्याने आणि सरकारी शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागत असल्याने, आजोबांना नाकारलेल्या कर्जाचा परिणाम नातवाच्या शाळेपर्यंत पोहोचला. न्याय्यतेच्या चर्चेत हा दुवा बहुधा सुटतो, आणि तो सुटला की प्रवेशपरीक्षेचे गुण उमेदवाराच्या एकट्याच्या कर्तबगारीचे वाटू लागतात.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या १९६१ च्या आदेशात ही संज्ञा सरकारी कंत्राटदारांसाठी वापरली गेली. लिंडन जॉन्सन यांनी १९६५ मध्ये हॉवर्ड विद्यापीठातील भाषणात धोरणामागचा विचार मांडला : वर्षानुवर्षे साखळदंडांत जखडलेल्या माणसाला मोकळे करून शर्यतीच्या आरंभरेषेवर उभे केले आणि आता इतरांशी स्पर्धा कर असे सांगितले, म्हणजे आपण पूर्ण न्याय केला असे मानता येत नाही. त्याच वर्षी निघालेल्या आदेश क्रमांक ११२४६ ने कंत्राटदारांवर ठोस प्रयत्नांची जबाबदारी टाकली, आणि १९६९ मध्ये निक्सन यांच्या काळातील फिलाडेल्फिया योजनेने बांधकाम व्यवसायात भरतीची संख्यात्मक उद्दिष्टे आणली.

नोकऱ्यांच्या क्षेत्रातील वाद नोकरीत वंशावरून भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याभोवती फिरतो. ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर (१९७१) या खटल्यात, कामाशी संबंध नसलेली पात्रतेची अट वरकरणी सर्वांना सारखी असली तरी तिचा परिणाम एका वंशाला वगळण्यात होत असेल तर ती बेकायदा ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. वेबर खटल्यात (१९७९) लुइझियानातील एका ॲल्युमिनियम कारखान्याने प्रशिक्षणाच्या निम्म्या जागा कृष्णवर्णीय कामगारांसाठी ठेवल्या होत्या. ही स्वेच्छेची आणि तात्पुरती योजना न्यायालयाने उचलून धरली. उलट न्यू हेवन शहर प्रशासनाने अग्निशमन दलाच्या बढतीच्या परीक्षेत एकही कृष्णवर्णीय उमेदवार बढतीच्या टप्प्यात येत नाही म्हणून निकालच रद्द केला होता, तो मेहनतीने उत्तीर्ण झालेल्या जवानांवर अन्याय असल्याचा निर्णय न्यायालयाने २००९ मध्ये दिला. तरीही भेदभाव ही केवळ इतिहासातील गोष्ट नव्हे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोस्टन व शिकागो येथील जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले असता, श्वेतवर्णीय वाटणाऱ्या नावांना मुलाखतीसाठी सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली.

प्रवेशांच्या बाबतीत निर्णायक वळण १९७८ मध्ये, ॲलन बाकी या प्रवेश नाकारलेल्या श्वेतवर्णीय अर्जदाराच्या खटल्यात आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयात १०० पैकी १६ जागा अल्पसंख्यांसाठी राखलेल्या होत्या. न्यायालयाने हा कोटा रद्द केला, मात्र वंश हा एक घटक धरण्यास मुभा दिली. न्यायमूर्ती पॉवेल यांच्या निर्णायक मतानुसार समाजातील जुन्या अन्यायाची भरपाई हे त्यासाठी पुरेसे कारण नव्हते. वर्गातील विविधतेचा शैक्षणिक लाभ हे कारण मात्र चालण्याजोगे होते. पुढची ४५ वर्षे विद्यापीठांना याच एका कारणावर धोरणाचा बचाव करावा लागला, आणि धोरणाचे खरे नुकसान इथे झाले. ज्या युक्तिवादात नैतिक बळ होते तो न्यायालयाबाहेर राहिला. उरलेल्या युक्तिवादात कृष्णवर्णीय विद्यार्थी स्वतःच्या हक्काने येत नव्हता, इतरांच्या शिक्षणाला पूरक म्हणून येत होता. न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी आपल्या स्वतंत्र मतात गुलामगिरीपासूनचा इतिहास सविस्तर मांडला, तो याच कारणासाठी.

मिशिगन विद्यापीठाच्या २००३ मधील दोन खटल्यांत वंशासाठी सरसकट २० गुण देण्याची पद्धत बाद झाली, पण विधी महाविद्यालयाची अर्जागणिक सर्वांगीण तपासणी टिकली. २५ वर्षांनी याची गरज उरू नये, अशी अपेक्षा न्यायमूर्ती ओकॉनर यांनी व्यक्त केली. २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांविरुद्धच्या खटल्यांत हीही पद्धत गेली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या मते मर्यादित जागांमध्ये एकाला दिलेला लाभ दुसऱ्याचे नुकसान असतो, धोरणाला शेवट दिसत नाही, आणि ‘आशियाई’सारखे कप्पे फार ढोबळ आहेत. लष्करी अकादम्यांबाबत न्यायालयाने निर्णय देण्याचे टाळले.

आशियाई अर्जदारांची तक्रार हलकी नव्हती. अमेरिकेत वाढलेली मराठी कुटुंबांतील मुलेही याच गटात मोजली जातात. व्यक्तिमत्त्वाच्या गुणांकनात आशियाई मुलांना सरासरीने कमी गुण मिळत असल्याचे हार्वर्डच्या नोंदींतून उघड झाले, आणि ज्यांच्या पूर्वजांचा गुलामगिरीशी संबंध नव्हता त्यांनी तिची किंमत का मोजावी, हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच नोंदींच्या अभ्यासातून दिसले की प्रवेश मिळालेल्या श्वेतवर्णीयांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची किंवा कर्मचाऱ्यांची मुले, अथवा डीनच्या खास यादीतील (बहुधा देणगीदारांशी संबंधित) होते. हा लाभ या निकालाने जसाच्या तसा राहिला. केवळ गुणवत्तेचा आग्रह धरणाऱ्याने आधी इथे बोट ठेवायला हवे होते.

वंशाऐवजी आर्थिक स्थिती पाहावी, हा पर्याय नेहमी सुचवला जातो, आणि सधन कृष्णवर्णीय कुटुंबांनाच लाभ मिळतो या आक्षेपाला त्यात उत्तरही आहे. मात्र १९९६ च्या सार्वमताने वंशाचा विचार निषिद्ध झाल्यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाने अन्य उपायांवर ५० कोटी डॉलरहून अधिक खर्च केला, तरी अपेक्षित वैविध्य साधले नाही, असे त्याने सर्वोच्च न्यायालयाला कळवले होते. २०२३ नंतरचे परिणाम संस्थेगणिक वेगळे आहेत : एमआयटीत २०२४ च्या नव्या तुकडीतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण आधीच्या सरासरी १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, तर येलमध्ये ते १४ टक्केच राहिले. वंशामुळे आयुष्यात काय सोसावे लागले हे अर्जदाराला निबंधात लिहिता येते. रोजगाराच्या बाजूने, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये १९६५ चा आदेश रद्द केला. १९६४ चा कायदा मात्र लागू आहे.