फॅट फ्रीझिंगनंतर चरबी जाते तरी कुठे?

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या छोट्याशा क्लिनिकमध्ये येणारा जवळपास प्रत्येकजण हा प्रश्न विचारतो आणि उत्तर पण स्वतःच देऊन टाकतो, की म्हणजे मॅडम ती वितळून लघवीतून जाते ना, किंवा घामातून. नाही हो. लघवीतूनही नाही आणि घामातूनही नाही. रिसेप्शनवर उभ्या उभ्या हे नीट सांगता येत नाही, मध्येच फोन वाजतो, म्हणून एकदाच निवांत लिहून काढलंय. चहा घेत वाचा, मग पैसे भरायचे की नाही ते ठरवा.

फॅट फ्रीझिंग म्हणजे ऑपरेशन न करता, मशीनने बाहेरून गारवा देऊन चरबी कमी करणं. आधी हे गोठवणं म्हणजे काय ते बघू. थंडीत बाथरूमच्या खिडकीत ठेवलेली खोबरेल तेलाची बाटली सकाळी घट्ट झालेली असते आणि शेजारच्या बादलीतलं पाणी मात्र पाणीच असतं, हे सगळ्यांनी बघितलंय. तेल-तूप पाण्याच्या कितीतरी आधी थिजतं, अख्खं मशीन एवढ्या एका गोष्टीवर चालतं. कातडीत, स्नायूंत पाणी जास्त आणि चरबीच्या पेशीत तेल जास्त, त्यामुळे गारवा मोजूनमापून दिला तर चरबीची पेशी दगावते आणि वरची कातडी वाचते. याचा धागा लागला तो लहान मुलांवरून, १९७० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं की आइसकँडी चोखणाऱ्या एका बाळाच्या गालाला आतून गाठ आली, कारण गालातली चरबी गारव्याने दुखावली होती. मग बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डिटर मॅनस्टीन आणि रॉक्स अँडरसन या डॉक्टरांनी त्यावर काम केलं, २००८ मध्ये त्यांचा पेपर आला आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि अशी मशीनं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, कमरेच्या बाजूच्या वळ्यांसाठी परवानगी दिली. पोट, मांड्या, डबल चिन हे सगळं नंतर.

आमच्याकडे होतं ते असं. जेलचा ओला पॅड कातडीवर लावतो, मशीनचा कप त्यावर बसवतो, कप पोटाची वळी आत ओढून घेतो. पहिली पाच-दहा मिनिटं झोंबतं, मग ती जागा बधीर होते आणि बरेच जण मोबाईल बघत बसतात. साधारण ३५ मिनिटं ते तासभर. कप काढला की आतून जे निघतं ते बघून लोक दचकतात, फ्रीजमधून काढलेल्या लोण्याच्या वडीसारखा कडक, गार, चौकोनी उंचवटा असतो आणि कातडी लालभडक. मग दोन मिनिटं आम्ही ती जागा चोळतो, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या सेशनमध्ये जास्त त्रास याच दोन मिनिटांचा होतो. पण ते टाळू नका, चोळल्याने रिझल्ट चांगला येतो.

इथे मशीनचं काम संपलं. चरबी अजून जिथल्या तिथे आहे! तुम्ही जिना उतरून राम मारुती रोडला लागता तेव्हा पोट होतं तसंच, उलट थोडं सुजलेलं.

यापुढचं सगळं काम तुमचं शरीर करतं आणि ते आपल्या घाईने चालत नाही. गोठलेली पेशी एकदम फुटत नाही, ती आतल्या आत मरायला लागते. दोन-तीन दिवसांत शरीराला कळतं की इथे काहीतरी बिघडलंय आणि तिथे सूज यायला लागते, साधारण दोन आठवड्यांनी ती सूज सगळ्यात जास्त असते. याच दिवसांत फोन येतात, "मॅडम, कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय". वाढलेलं नसतं, काम चालू असतं. मॅक्रोफेज नावाच्या पेशी तिथे गोळा होतात, त्यांना शरीराची घंटागाडी समजा, मेलेल्या पेशी गिळायच्या आणि पचवायच्या हेच त्यांचं काम. त्यांच्या पचवण्यातून जे सुटं फॅट निघतं ते हळूहळू लिम्फमध्ये जातं.

आता हे लिम्फ म्हणजे काय. शाळेच्या पुस्तकात लसिका म्हणून होतं, सगळे विसरलोय. पण तुम्हाला ते माहितीये. लहानपणी पायाला खिळा लागला, जखम पिकली की दोन दिवसांनी जांघेत गाठ यायची आणि आजी म्हणायची अवधाण आलंय. जखम पायाला आणि गाठ जांघेत, का? कारण पायातलं लिम्फ वर जाताना जांघेतल्या गाठींमधून गाळून जातं. अशा शेकडो गाठी अंगभर आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक नळ्यांचं जाळं आहे, पेशींच्या भोवती साचलेलं जास्तीचं पाणी, प्रोटीन, फॅट सगळं त्यातून गोळा होतं. सगळ्यात मोठी नळी छातीतून वर येऊन डाव्या कॉलरबोनच्या मागे रक्तात रिकामी होते. आणि हे जाळं तुंबलं की काय होतं ते बघायचं असेल तर हत्तीरोग आठवा, त्यात जंत याच नळ्या बिघडवतात.

रक्ताला हृदयाचा पंप आहे, लिम्फला असा एक मोठा पंप नाही. त्याच्या नळ्या स्वतः थोड्या आवळतात, बाकी भिस्त तुमच्या चालण्यावर आणि श्वासावर, आणि आत प्लंबर बसवतो तसे एकाच दिशेला उघडणारे व्हॉल्व्ह आहेत म्हणून ते खाली परत येत नाही. म्हणून तासन्‌तास खुर्चीत बसलं की पाय सुजतात.

लोकांना भीती वाटते की एवढी चरबी रक्तात आली तर कोलेस्टेरॉल वाढेल, हार्टला काही होईल. तर मिसळीवरची तर्री खाल्ल्यावर ते तेल आतड्यातून याच लिम्फच्या रस्त्याने रक्तात जातं, जेवणानंतर आतड्याकडचं लिम्फ चक्क दुधासारखं पांढरं दिसतं. म्हणजे हा रस्ता रोजच्या वापरातला आहे, आणि ट्रीटमेंटचं फॅट तर दोन-तीन महिन्यांत थोडंथोडं येतं. ट्रीटमेंटनंतर रक्तातलं फॅट आणि लिव्हरच्या टेस्ट तपासून बघितल्या गेल्यात, त्यात काळजी करण्यासारखा फरक आढळलेला नाही. शेवटी ते लिव्हरकडे जातं आणि शरीर ते इंधन म्हणून वापरतं. तुम्ही रोज गरजेपेक्षा जास्त खात राहिलात तर उरलेल्या पेशी फुगणार, त्या काही संपावर गेलेल्या नाहीत.

आता थोडं धंद्याच्या विरोधात बोलते. फॅट फ्रीझिंगसोबत "लिम्फ डिटॉक्स", सहा सिटिंगचं ड्रेनेज मसाजचं पॅकेज, काढे, पॅच असं बरंच काही विकलं जातं. आम्ही पण सुरुवातीला मसाजचं पॅकेज ठेवलं होतं, मग बंद केलं. लिम्फचा हलक्या हाताचा मसाज ही खरी गोष्ट आहे, १९३० च्या दशकात व्होडर नावाच्या डॅनिश जोडप्याने ती पद्धत बसवली आणि कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हात सुजतो अशा पेशंटना तिचा उपयोग होतो. पण निरोगी माणसाची गोठवलेली चरबी त्याने लवकर जाते याला भक्कम पुरावा नाही, मग पैसे कशाचे घ्यायचे? त्यापेक्षा संध्याकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारा. त्यानेही तीन महिन्यांचा एक महिना होणार नाही, पण फुकट आहे आणि एरवीही चांगलंच आहे.

अपेक्षा किती ठेवायची? एका सेशनमध्ये त्या जागेचा चरबीचा थर साधारण २० ते २५ टक्के पातळ होतो, तोही जिथे कप लावला तिथेच. वजनकाट्यावर काही दिसणार नाही, आम्ही टेप आणि फोटोच वापरतो, त्याच भिंतीपुढे त्याच उजेडात. आणि चिमटीत येते तीच चरबी यात जाते. आपल्याकडच्या बऱ्याच काकांचं पोट माठासारखं टणक असतं, ती चरबी आत आतड्यांभोवती असते, तिथे कप पोचत नाही, त्यांना आम्ही सरळ परत पाठवतो. तुळशीच्या लग्नानंतर घरात कार्य असेल तर ऑगस्टमध्येच या, दिवाळीत येऊन पंधरा दिवसांत रिझल्ट मागू नका, तेव्हा तुम्ही सुजलेल्या असाल.

त्रासाचंही सांगते. लाली, निळसरपणा काही दिवस, बधीरपणा मात्र काही आठवडे राहतो. काहींना तीन-चार दिवसांनी आतून चमका येतात, त्या आपोआप थांबतात. एक ताई दुसरीकडून करून आमच्याकडे दाखवायला आल्या होत्या, पोटावर कपाच्या आकाराचा काळपट भाजल्यासारखा डाग, पैसे वाचवायला तिथे जेलचा पॅडच अर्धा कापून लावला होता! पॅड हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, कुठेही करा पण तो नवीन, अख्खा आणि तुमच्यासमोर फोडलेला हवा. आणि एक दुर्मिळ प्रकार आहे ज्यात काही महिन्यांनी त्या जागेची चरबी कमी व्हायच्या ऐवजी वाढून कडक होते, सुपरमॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टाने २०२१ मध्ये स्वतःबद्दल हे जाहीरपणे सांगितलं तेव्हा जगभर चर्चा झाली. ते आपोआप जात नाही, बहुतेक वेळा लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढायचं ऑपरेशन लागतं. आम्ही संमतीपत्रात ते मराठीत आणि मोठ्या अक्षरात छापलंय, वाचल्याशिवाय सही करू नका.

गार पाण्याने अंगावर गांधी उठत असतील, थंडीने रक्त बिघडायचा क्रायोग्लोब्युलिनेमियासारखा आजार असेल, त्या जागी हर्निया असेल किंवा दिवस गेले असतील तर करायचंच नाही. लिम्फच्या गाठी काढल्या असतील किंवा हातपाय सुजायचा जुना त्रास असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा, लाजू नका.

येताना ढगळ कुर्ता किंवा टीशर्ट घाला, पोटाला क्रीम-तेल लावू नका, उपाशी यायची गरज नाही. इयरफोन आणा, आमचा टीव्ही बंद पडलाय. गाडी शक्यतो आणू नका, खाली पार्किंग अजिबात नाही, स्टेशनवरून चालत दहा मिनिटं.