करवंटीचा कोळसा आणि गंधकाची जोड

जुना थर्मामीटर फुटला की मुलं पाऱ्याच्या गोळ्या बोटाने ढकलत बसतात आणि मोठी माणसं केरसुणी शोधतात. केरसुणी तर मुळीच नको. एका गोळीच्या पन्नास होतात आणि पाऱ्याला उडून जायला तेवढी जास्त जागा मिळते. या वाफेला ना रंग, ना वास. श्वासातून आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के शरीरात मुरते आणि त्यातली काही मेंदूपर्यंत पोचते. कापडी मास्कने ती अडत नाही.

गोव्याची उष्ण हवा यात भर घालते. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १३ मिलिग्रॅमच्या आसपास पारा मावतो. ३० अंशांना, म्हणजे पणजीतल्या कुठल्याही साध्या दुपारी, तो जवळजवळ ३० मिलिग्रॅम होतो. जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक सरासरी मर्यादा आहे घनमीटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग! एका थर्मामीटरने खोली इतकी भरत नाही, हे खरं. पण मर्यादा ओलांडायला त्यातला किरकोळ अंशही पुरतो.

वाफ पकडायला आपल्या परसातलीच वस्तू कामाला येते. करवंटीचा कोळसा ८०० ते १००० अंशांना पाण्याच्या वाफेत तापवला की त्याला अतिसूक्ष्म छिद्रं पडतात. अशा एका ग्रॅम कोळशाचं पृष्ठफळ साधारण १००० चौरस मीटर भरतं. तरी नुसत्या कोळशाची पकड कच्चीच. तापमान वाढलं की पारा सुटतो, आणि पावसाळ्यात हवेतली दमट वाफ ती छिद्रं आधीच अडवून बसते.

म्हणून त्यात गंधक मुरवतात. वैद्यांच्या खलात पारा आणि गंधक घोटले की चकाकी जाऊन काळी कुळकुळीत कज्जली होते, तेच हे रसायन. (औषध म्हणून मी तिची भलामण करत नाही.) पारा आणि गंधक यांचं हे संयुग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, नेहमीच्या तापमानाला उडतही नाही. मग सांडलेल्या पाऱ्यावर सरळ गंधकाची पूड का टाकू नये? गोळीवर दुधासारखी साय धरते आणि आतला पारा तसाच राहतो. छिद्राछिद्रांत पसरलेल्या गंधकापुढे पारा रेणूरेणूने येतो, तिथे ही अडचण नाही.

कोळशावरच्या वीजकेंद्रांत पारा असलेला धूर काही सेकंदांतच पुढे सरकतो, तिथे ब्रोमीन लावलेली कोळशाची पूड फवारतात.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाचा, २०१७ सालचा. खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरलेला गंधक आणि तळणाचं वापरलेलं तेल एकत्र तापवून त्यांनी रबरासारखा पदार्थ केला. मिश्रणात मीठ घालायचं आणि नंतर ते धुऊन काढायचं; मिठाच्या जागी छिद्रं उरतात. पारा धरला की हा तपकिरी पदार्थ काळा पडतो.

पाऱ्याने भरलेला गाळणीचा कोळसा मात्र परसातल्या पाचोळ्याबरोबर पेटवू नये. खाणीतला हिंगूळ म्हणजे पारा-गंधकाचं हेच संयुग, आणि तो भाजूनच पारा काढतात.