स्पिनर भंगारातूनच का बनतो, त्यामागची गोष्ट

स्पिनर म्हणजे आर्केड मशीनवरचा, नाणं टाकून व्हिडिओ गेम खेळायच्या त्या मोठ्या खोक्यावरचा, तो गोल नॉब जो कितीही फिरवा, कुठे अडत नाही. पंख्याच्या रेग्युलेटरला शेवटाला जशी टक्कर लागते तशी याला नाही, झटका देऊन सोडला की आपला फिरत राहतो. तयार घ्यायचा तर बाहेरून मागवावा लागतो आणि खिशाला परवडत नाही, म्हणून लोकं घरीच बनवतात आणि घरी बनवायचा म्हटलं की पावलं भंगारवाल्याकडेच वळतात. आता गंमत अशी की स्पिनर असलेलं मशीन आमच्या कोकणात मी तरी कधी बघितलं नाही. व्हिडिओ गेमची दुकानं होती, एसटी स्टँडच्या आसपास, पण तिथे दांडा आणि बटणं, मारामारीचे गेम, बस्स. मशीन आलं नाही पण त्याला लागणारे पार्ट मात्र सगळे आले, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या वाटांनी, आणि जुने होऊन भंगारात पडले. घरच्या स्पिनरचा इतिहास म्हणजे खरं तर कुठल्या काळात काय भंगारात निघालं याचाच इतिहास आहे.

सुरुवात नॉबपासूनच झाली. १९७२ मध्ये टीव्हीला जोडायचं मॅग्नावॉक्स ओडिसी आणि अटारीचा पाँग, फळीने चेंडू टोलवायचा आर्केड गेम, दोन्ही एकाच वर्षी आले आणि दोन्हींना फिरवायचे नॉब होते, जॉयस्टिक नाही. पण आत होता पोटेन्शिओमीटर, म्हणजे रेडिओच्या आवाजाचा असतो तोच. पाऊण फेरी झाली की अडणार, आणि आतली कार्बनची पट्टी झिजली की पडद्यावरची फळी थरथरायला लागणार. १९७६ चा ब्रेकआउट, विटा फोडायचा तो, त्यालाही हेच. १९७७ मध्ये अटारीचं घरचं मशीन आलं, त्याच्या पॅडलमध्येही, म्हणजे हातात धरायच्या नॉबमध्येही, पोटेन्शिओमीटरच, पण त्याच वर्षी त्यांनी इंडी ५०० या कारच्या गेमसाठी एक वेगळा कंट्रोलर दिला जो दिसायला पॅडलसारखाच पण गोल गोल कितीही फिरणारा. आर्केडमध्ये स्पिनरचं नाव झालं ते १९८१ च्या टेम्पेस्टने, मग १९८२ ला ट्रॉन आणि १९८६ ला तैतोचा आर्कनॉइड. हा आर्कनॉइड आपल्याकडेही आला बरं का, टीव्ही गेमच्या त्या शेकडो गेमवाल्या कॅसेटमध्ये, पण आपण तो अधिकच्या चिन्हाचं बटण दाबून दाबून खेळलो आणि बॉल जोरात यायला लागला की फळी वेळेत पोचायचीच नाही. गेम अवघड नव्हता हो, हातात चुकीची वस्तू होती.

कितीही फिरणाऱ्या नॉबला पोटेन्शिओमीटर चालत नाही, मग फिरणं मोजायचं कसं? त्यासाठी दांड्यावर एक खाचा असलेली चकती बसवतात, एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि दुसऱ्या बाजूला दोन सेन्सर. चकती फिरली की उजेड चालू-बंद होतो, ते मोजायचं. दोन सेन्सर कशाला, तर एकाने फक्त फिरलं एवढंच कळतं, कुठल्या बाजूला ते नाही. दोन्ही सेन्सर एकमेकांपासून पाव टप्प्याने सरकवून बसवले की आधी कोण पेटला यावरून दिशा कळते. एवढंच आहे सगळं. काही घासत नाही, म्हणून झिजतही नाही.

आणि अगदी हीच चकती, हेच सेन्सर बॉलवाल्या माउसमध्ये असतात. माउसचं मूळ शोधायला गेलं तर तिथेही जुगाडच भेटतो, १९५२ च्या सुमाराला कॅनडाच्या नौदलाच्या डेटार प्रकल्पात ट्रॅकबॉल, म्हणजे हाताने फिरवून पडद्यावरची खूण हलवायचा चेंडू, बनवला तेव्हा त्यात चक्क बोलिंगचा चेंडू घातला होता. माउसचा जनक एंगेलबार्ट, त्याच्या माउसचा पहिला नमुना १९६४ चा, लाकडी खोका आणि खाली दोन चाकं, त्या चाकांना पोटेन्शिओमीटर. पुढे चाकं जाऊन बॉल आला, पोटेन्शिओमीटर जाऊन खाचांच्या चकत्या आल्या, एक आडव्या हालचालीला आणि एक उभ्या. म्हणजे एक माउस उघडला की दोन स्पिनरपुरता माल निघतो, वर कॉम्प्युटरला कळेल अशी चिपपण सोबत.

पण नुसता माल असून काय, तो लागायला तर हवा. ५ फेब्रुवारी १९९७ ला निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने मेम काढलं, म्हणजे जुन्या आर्केड मशीनचे गेम साध्या पीसीवर चालवायचं सॉफ्टवेअर. गेम परत मिळाले पण हातात कीबोर्ड, आणि कीबोर्डवर टेम्पेस्ट खेळणं म्हणजे शिक्षा. मेम मात्र माउसची आडवी हालचाल स्पिनर म्हणून घेतं, त्यामुळे माउसची चकती नॉबला जोडायची कल्पना लोकांना लगेच सुचली. दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, मायक्रोसॉफ्टचा बॉल नसलेला ऑप्टिकल माउस आला आणि पुढच्या काही वर्षांत बॉलवाले माउस ढिगाने फेकले गेले. गरज आणि भंगार अशी एकाच वेळी जुळून आली, घरच्या स्पिनरचा खरा जन्म मी तरी इथेच मानतो.

आमच्याकडे हे माउस आले सायबर कॅफेतून आणि टायपिंग इन्स्टिट्यूटचे कॉम्प्युटर क्लास झाले तिथून. १९९६ चा डीएक्स-बॉल त्या पीसीवर असायचाच, विटा फोडायचा गेम, खालची फळी माउसने सरकवायची. म्हणजे स्पिनर न बघताच एक अख्खी पिढी स्पिनरच्याच चकतीवर खेळून मोठी झाली.

दुसरा मोठा पार्ट व्हीसीआरचा. व्हीएचएस, म्हणजे व्हिडिओ कॅसेटची पद्धत, जपानमध्ये १९७६ ला आलं, आपल्याकडे १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही वाढले आणि त्यामागून व्हीसीआर. कोकणात ते आले मुंबईच्या चाकरमान्यांबरोबर आणि रत्नागिरी-राजापूरकडच्या आखातात कामाला असलेल्या लोकांच्या सामानातून. पूजेला, गणपतीला भाड्याने व्हिडिओ लावायचे, एका रात्रीत तीन पिक्चर, सकाळी सगळी वाडी पेंगत. त्या व्हीसीआरच्या पोटात जो चकचकीत ॲल्युमिनियमचा ड्रम असतो, ६२ मिलिमीटरचा, तो आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत मिनिटाला १,५०० फेरे मारायचा, तेही जराही न डगमगता, कारण डगमगला तर चित्र फाटणार. म्हणून त्याला बेअरिंग एकदम बारीक कामाचे घातलेत आणि ड्रम स्वतः जड, झटका दिला की फिरतच राहतो. स्पिनरला याहून वेगळं काय पाहिजे? फक्त खालचं मोटरचं लोहचुंबक काढायला लागतं, नाहीतर हाताला ओढ जाणवते. भंगारवाल्याला नुसता ड्रम मागितला की तो वजनाच्या भावात देतो, वर "ह्याचां काय करतलस?" हे ठरलेलं.

हार्डडिस्कची मोटरपण वापरतात काहीजण, पण तिच्या चुंबकामुळे फिरवताना टप्पे टप्पे लागतात, मला नाही आवडत. तिच्या तबकड्या मात्र वजन म्हणून झकास.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात जे इलेक्ट्रॉनिक सामान रस्त्यावर आलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. त्यातलं बरंचसं खरं तर कामाचंही नव्हतं, कारण बेअरिंगमध्ये गाळ गेला की संपलं. एरवीही किनाऱ्याला खारी हवा, मालवण-देवगडकडे उघड्यावर ठेवलेलं बेअरिंग एका पावसाळ्यात कुरकुरतं. पुस्तकी सल्ला असा की बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढा, मग मोकळं फिरतं, पण आपल्याकडे ते कोरडं ठेवलं तर गंजतं, तेव्हा पातळ तेलाचा एखादा थेंब हवाच.

चकतीची पण एक मजा. माउसची चकती इवलीशी, मोठ्या ड्रमला बसत नाही, म्हणून लोकं झेरॉक्सच्या दुकानातून पारदर्शक शीटवर रेघांची चकती छापून आणतात. लेझर प्रिंटरवर छापली तर बहुतेक वेळा चालते. इंकजेटवर छापली तर डोळ्याला काळीकुट्ट दिसते पण त्या शाईतून इन्फ्रारेड बऱ्याचदा आरपार जातो आणि सेन्सरला रेघ दिसतच नाही, माणूस वायरिंग तपासत बसतो. आणि नॉब जोरात फिरवल्यावर गेममध्ये उलटं जायला लागलं तर तो नॉबचा दोष नव्हे, खाचा इतक्या भराभर जातात की चिप मधले टप्पे चुकवते आणि तिला दिशाच उलटी वाटते. आर्केडवाल्यांनाही हा त्रास होता.

वरचा नॉब म्हणाल तर सावंतवाडी जवळ असताना प्लास्टिकचा कशाला शोधायचा. चितारआळीत लाकडी खेळणी मिळतात, लेथवर लाकूड कातणारे कारागीर त्या भागात आहेत, मापाचा गोळा आणि मधोमध भोक एवढं सांगितलं की काम होतं.

आता बॉलवाले माउस भंगारातही फारसे येत नाहीत, आणि व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई २०१६ मध्ये थांबली. म्हणून हल्ली लोकं कारखान्यात वापरतात तो ६०० पल्सचा तयार एन्कोडर, म्हणजे चकती आणि सेन्सर आतच असलेला, एका फेरीला ६०० टप्पे मोजणारा डबा, आणतात आणि आर्डुइनो लिओनार्डो या छोट्या प्रोग्रॅम करायच्या बोर्डाला जोडतात, हा बोर्ड यूएसबीवर स्वतःच माउस असल्याचं कॉम्प्युटरला सांगतो. पण ज्याला एकही पैसा घालायचा नाही त्याच्यासाठी ऑप्टिकल माउस आहेच, त्याचा सेन्सर ड्रमच्या खालच्या बाजूला रोखून बसवायचा. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो गडबडतो, तेव्हा ड्रमच्या त्या बाजूला वर्तमानपत्राच्या छपाईचा तुकडा डकवा, त्यावर बरोबर चालतो.