वर्गात उजेड हवा, ऊन नको

उजेड आकाशाचा, ऊन सूर्याचं. खिडकीतून दोन्ही एकत्रच आत येतात, म्हणून शाळेची इमारत आखताना त्यांची हमखास गल्लत होते. मग नकाशात खिडक्या मोठ्या, आणि प्रत्यक्षात पडदे कायम ओढलेले, भर दुपारी ट्यूब चालू. वीज वाचवायला ठेवलेली खिडकीच विजेचं बिल वाढवते.

बाकावर लिहा-वाचायला 300 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) पुरतात. दुपारचं थेट ऊन 1 लाख लक्सच्या घरात असतं. त्याचा एक कवडसा वहीवर पडला की डोळा त्याच्याशी जुळवून घेतो आणि शेजारचा फळा काळोखा दिसू लागतो. उष्णतेचं गणित वेगळंच. एप्रिलमध्ये दुपारी चारला पश्चिमेच्या सहा फूट बाय चार फूट खिडकीतून साधारण एक किलोवॅट उष्णता आत येते. ती पंख्याने जात नाही, पंखा फक्त गरम हवा फिरवतो.

धडधाकट मूल अशा वेळी सरकून बसतं. व्हीलचेअरवरच्या मुलाला ते सहज जमत नाही, कारण त्याची जागा बहुधा दाराजवळ ठरलेली असते आणि बाकांमधून वाट तीन फुटांची नसते. दृष्टी अधू असलेल्या किंवा अंगात रंगद्रव्य कमी असलेल्या मुलाला झगमगाटात अक्षरच उमटत नाही, पण दृष्टी अधू असलेल्या बऱ्याच मुलांना उजेड मात्र इतरांपेक्षा जास्त लागतो. म्हणून 'त्याला चष्मा आहे, खिडकीपाशी बसवा' हा सल्ला अर्धाच बरोबर. खिडकी उत्तरेची असेल तर जरूर बसवा, तिथून बहुधा उजेडच येतो, ऊन नाही. ऐकू न येणारं मूल बाईंच्या ओठांकडे आणि हातांकडे बघतं. बाई उन्हाच्या खिडकीला पाठ करून उभ्या राहिल्या की चेहऱ्याची नुसती काळी आकृती उरते. मुलाच्या जागेवरून मोबाइलवर फोटो काढून बघा, लगेच पटेल.

व्हरांड्याच्या जाळीतून रॅम्पवर पडणारे उन्हाचे पट्टेही असेच फसवे. कमी दिसणाऱ्या मुलाला प्रत्येक पट्टा पायरी वाटतो आणि खरी कडा पट्ट्यांत हरवते. नकाशात जाळी सुंदर दिसते, रॅम्पवर ती नको.

आता नाशिकपुरतं बोलू. शहर 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून 70 अंशांवर असतो, 22 डिसेंबरला साधारण साडेशेहेचाळीस अंशांवर, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो डोक्यावरून थोडा उत्तरेलाच कलतो. त्यामुळे दक्षिणेची खिडकी सांभाळायला सोपी. चार फूट उंचीच्या खिडकीवर, अगदी तिच्या माथ्यालगत, दीड फुटी छज्जा काढला तर 21 मार्च ते 23 सप्टेंबर दिवसभर त्या खिडकीतून थेट ऊन येत नाही. अट एवढीच की छज्जा दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट पुढे जायला हवा, नाहीतर सकाळ-संध्याकाळ ऊन बाजूने घुसतं. डिसेंबरात मात्र हाच छज्जा वरचा दीडएक फूटच झाकतो. सिल, म्हणजे खिडकीची खालची कड, तीन फुटांवर असेल तर मध्यान्हीचं ऊन फरशीवर पाच फूट आत येतं. नाशिकच्या थंडीत ते अंगाला बरं वाटतं, म्हणून तिथे बाक न ठेवता जाण्यायेण्याची वाट ठेवावी.

पश्चिमेला हा हिशेब कोलमडतो. एप्रिलमध्ये चार वाजता सूर्य जेमतेम 40 अंशांवर असतो. तोच दीड फुटी छज्जा सव्वा फूट झाकतो, बाकी पावणेतीन फूट उघडी. पूर्ण सावलीला पावणेपाच फूट छज्जा लागेल, आणि पाच वाजता तोही अपुरा. पश्चिमेला खिडकी देऊच नये, तिथे जिना, भांडारखोली किंवा आठ फुटी व्हरांडा द्यावा. जुन्या इमारतीत उभ्या आडोशाच्या फळ्या किंवा कडुलिंब-करंज, एवढाच इलाज.

म्हणजे वर्गाची लांबी पूर्व-पश्चिम आणि खिडक्या उत्तर-दक्षिण. फळा आपोआप पूर्व किंवा पश्चिमेच्या भिंतीवर येतो, बाईंच्या चेहऱ्यावर दोन्ही बाजूंनी उजेड पडतो आणि डावखुऱ्या मुलाच्या वहीवर हाताची सावली पडत नाही. उत्तरेची खिडकी बिनउन्हाची असते म्हणतात, ते जूनमध्ये खरं नाही. तेव्हा सूर्य ईशान्येकडे उगवून वायव्येकडे मावळतो. सुदैवाने तेव्हा आभाळ भरून येतं.

पावसाळ्यात अडचण उलटी होते. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे ढगांमुळे ऊन नसतंच, उजेडही कमी. उजेड खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट आत पोहोचतो. सात फुटांवर लिंटेल (खिडकीच्या माथ्यावरची आडवी तुळई) असेल तर चौदा ते साडेसतरा फूट. वीस फूट रुंद वर्गात एकाच बाजूला खिडक्या असल्या तर पलीकडची रांग अंधारात राहते. उत्तरेच्या भिंतीत लिंटेलच्या वर झडपा दिल्या तर उजेड खोल जातो, छत पांढरं हवं. पडद्याची दांडी या झडपांच्या खालीच लावा. वरून लावली की पडद्यासोबत झडपाही झाकल्या जातात, आणि हे जवळजवळ सगळीकडे होतं.

काचेवर काळी फिल्म लावली की ऊन कमी होतं, उजेडही जातो. दुधी काचेवर थेट ऊन पडलं तर काचच चमकते आणि डोळ्यांना खुपते. पत्र्याच्या छपरात घातलेला पारदर्शक पत्रा सर्वांत फसवा, त्याने वर्गाच्या मध्यावर भर उन्हाचा चौकोन पडतो. दुधी पत्रा घ्या, छताच्या तीन-पाच टक्के पुरतो. आधीच पारदर्शक बसवला असेल तर बाहेरून चुन्याचा पातळ हात द्या. पावसाळ्यात तो धुऊन जातो आणि तेव्हा उजेड हवाच असतो. दिवाळीनंतर पुन्हा द्या.

ओळखायचं कसं? बाकावर पेन उभं धरा. सावलीची कड सुरीसारखी असेल तर ऊन, विरघळलेली असेल तर उजेड. शेवटच्या बाकावर बसून अकरा, एक आणि चारला हे करा, फळाही वाचून बघा. नाशिकचं खरं मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या आसपास येतं, बाराला नाही.