शब्द अवघड, वाचन सोपं

नव्या इंग्रजी शब्दांची यादी चौथ्यांदा वाचताना सगळे शब्द येतात असं वाटू लागतं. अर्थ शेजारीच लिहिलेला असतो, नजर डावीकडून उजवीकडे जाते आणि कुठेच अडत नाही. त्याच संध्याकाळी शिकणारा माणूस एखादा भारदस्त इंग्रजी लेख उघडतो. ओळीत दोनदा शब्दकोश पाहावा लागतो, एका पानाला तास जातो, पण दमायला झालं म्हणजे अभ्यास झाला, असं समाधान मिळतं. परकी भाषा शिकण्यावर जे प्रयोग झाले आहेत ते पाहिले, तर या दोन्ही समाधानांवर विश्वास ठेवणं कठीण जातं. शब्दांचा सराव थोडा अवघड असावा लागतो आणि वाचन सोपं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

आधी शब्द. विसरण्याचं मोजमाप पहिल्यांदा पद्धतशीरपणे केलं ते हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने. 1885 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगांत पाठ करणारा आणि परीक्षा देणारा तो एकटाच होता. अर्थ नसलेली अक्षरांची जुळवणी तो पाठ करायचा आणि काही काळाने तीच पुन्हा पाठ करताना किती कष्ट वाचतात ते पाहायचा. वीस मिनिटांनी सुमारे 58 टक्के कष्ट वाचत, एका दिवसाने 34 टक्क्यांच्या आसपास, आणि महिन्याभराने 21 टक्के. म्हणजे घसरण सुरुवातीलाच जोरात होते आणि मग मंदावते. निरर्थक अक्षरांपेक्षा खरे शब्द जास्त टिकतात हे खरं, पण घसरणीचा आकार साधारण असाच राहतो.

ही घसरण थांबवायची तर काय करावं? पुन्हा वाचावं, हे स्वाभाविक उत्तर. जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर या दोन अमेरिकन संशोधकांनी 2008 साली ते तपासून पाहिलं. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी स्वाहिली भाषेतले 40 शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. एखादा शब्द एकदा बरोबर आठवला, की काही गटांत तो पुढच्या वाचनातून वगळला जाई आणि काही गटांत पुढच्या चाचण्यांमधून. आठवड्याने परीक्षा झाली. ज्यांनी शेवटपर्यंत सगळे शब्द आठवून पाहिले होते, त्यांना सुमारे 80 टक्के आले. ज्यांच्या चाचण्या थांबल्या होत्या, ते 33 ते 36 टक्क्यांवर अडकले, आणि त्यांच्यातल्या एका गटाने तर सगळे शब्द पुनःपुन्हा वाचले होते. एकदा आठवलेला शब्द आणखी वाचत राहिल्याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही, आठवत राहिल्याने मात्र निकाल दुपटीहून जास्त झाला.

या प्रयोगातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग वेगळाच आहे. आठवड्याने किती शब्द आठवतील, असा अंदाज विद्यार्थ्यांकडून आधीच घेतला होता. सगळ्या गटांनी साधारण निम्मे शब्द आठवतील असं सांगितलं. आपण काय शिकलो हे आतून कळतं, अशी आपली समजूत असते. इथे ती सपशेल फसली.

कारण असं, की समोर दिसणारा शब्द ओळखणं आणि नसलेला शब्द मनातून काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. यादी वाचताना फक्त पहिलं होतं. बोलताना आणि लिहिताना दुसरं लागतं. चार पर्यायांतून एक निवडायला लावणारी ॲप्स म्हणूनच फसवी असतात. उत्तर पडद्यावरच असतं, आपण ते फक्त हुडकतो. एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ लिहिलेलं साधं फ्लॅशकार्ड त्याहून बरं, आणि तेही दोन्ही बाजूंनी वापरलेलं. इंग्रजी शब्द पाहून अर्थ सांगणं तुलनेने सोपं जातं, अर्थ पाहून इंग्रजी शब्द उच्चारणं जड जातं, आणि बोलायचं असेल तर या जड बाजूचाच सराव हवा.

कार्ड पुन्हा कधी काढायचं? हॅरी बारिक हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या कुटुंबातले आणखी तिघं यांनी परक्या भाषेतले 300 शब्द स्वतःच शिकून हा प्रश्न अनेक वर्षं तपासला. उजळणीच्या बैठका कधी 14 दिवसांनी, कधी 28 तर कधी 56 दिवसांनी होत. 1993 साली निष्कर्ष छापून आले. 56 दिवसांच्या अंतराने झालेल्या 13 बैठकांनी जेवढं टिकलं, तेवढंच टिकवायला 14 दिवसांच्या अंतराने 26 बैठका लागल्या होत्या. लांब अंतर ठेवल्यावर शिकताना चुका जास्त होतात, ‘सगळं विसरलो’ असं वाटतं, आणि तरीही फायदा त्याचाच होतो. अर्थात शब्द पूर्ण पुसला जाईपर्यंत थांबून चालत नाही. सुरुवातीला अंतर कमी आणि दर यशानंतर ते वाढवत न्यायचं, हे सूत्र पॉल पिम्सलर या अमेरिकन भाषाशिक्षणतज्ज्ञाने 1967 साली मांडलं होतं. पहिली उजळणी पाच सेकंदांनी, शेवटची दोन वर्षांनी, असं त्याचं वेळापत्रक होतं. आजची फ्लॅशकार्डची ॲप्स याच विचाराची सुधारलेली रूपं आहेत.

जाता जाता पाठ्यपुस्तकांबद्दल एक तक्रार. शरीराचे सगळे अवयव एका धड्यात, सगळे रंग दुसऱ्या धड्यात, विरुद्धार्थी शब्द जोडीने, ही मांडणी लेखकाच्या सोयीची असते. थॉमस टिंकहॅम यांनी 1993 साली दाखवलं, की एकाच गटातले नवे शब्द एकत्र शिकायला परस्परांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जास्त वेळ लागतो. जवळचे अर्थ एकमेकांच्या पायात येतात. ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ एकाच दिवशी शिकलेली माणसं वर्षानुवर्षं वळणावर अडखळतात, त्यात नवल नाही. एक शब्द पक्का झाल्यावर काही दिवसांनी दुसरा घेतला, तर गोंधळ टळतो.

व्याकरणाचंही दुखणं बरंचसं असंच आहे. ‘साधा भूतकाळ’ असा मथळा आणि खाली वीस रिकाम्या जागा. पहिल्या दोन वाक्यांनंतर डोकं चालवावंच लागत नाही, कारण कोणता काळ वापरायचा हे मथळ्यानेच सांगून टाकलेलं असतं. प्रत्यक्ष बोलताना अडतं ते रूप बनवताना कमी आणि कोणतं रूप हवं हे ठरवताना जास्त. तात्सुया नाकाता आणि युइची सुझुकी यांनी 2019 साली जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी क्रियापदांची वेगवेगळी रूपं दोन तऱ्हांनी सरावाला दिली, काहींना एकेक प्रकार सलग आणि काहींना सगळे मिसळून. मिसळून करणाऱ्यांच्या सरावात चुका जास्त झाल्या, पण आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत तेच पुढे होते.

तरीही नियम कळणं आणि तो तोंडी बसणं यात मोठं अंतर उरतंच. ‘ही गो’ नव्हे, ‘ही गोज’, हा नियम पहिल्याच महिन्यात सांगितला जातो. परीक्षेत तो बरोबर लिहिणारी माणसंही घाईत बोलताना तो ‘ज’ वर्षानुवर्षं गाळतात. अर्थ कर्त्यावरून कळलेलाच असतो, त्यामुळे मेंदूला त्या एका ध्वनीची गरज भासत नाही. ‘अ’ आणि ‘द’ यांचंही तसंच. मराठी, हिंदी, रशियन, जपानी या भाषांत अशी उपपदं नाहीत, आणि ती कुठे लागतात हे नियमांच्या तक्त्यापेक्षा हजारो वाक्यं नजरेखालून गेल्यावरच अंगवळणी पडतं. इथे वाचनाचा प्रश्न येतो.

वाचताना डोळा ओळीवरून घरंगळत जात नाही, उड्या मारतो. इंग्रजीत एका उडीत साधारण सात-आठ अक्षरं ओलांडली जातात आणि दोन उड्यांच्या मध्ये तो सेकंदाचा पाव भाग थांबतो. ओळखीचे छोटे शब्द तर तो अनेकदा गाळूनच पुढे जातो. अनोळखी शब्द आला की मुक्काम लांबतो, डोळा मागे वळतो, आणि तेवढ्या वेळात वाक्याचा आधीचा भाग स्मरणातून निसटतो. असे शब्द फार झाले, की प्रत्येक शब्दाचा अर्थ कळूनही परिच्छेदाचा अर्थ हाती लागत नाही.

‘फार’ म्हणजे किती, याचा शोध मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी 2000 साली घेतला. त्यांनी गोष्टीतले काही शब्द काढून तिथे बनावट शब्द घातले. पाचातला एक शब्द अनोळखी असताना कुणालाच गोष्ट नीट समजली नाही. विसातला एक असतानाही थोड्यांनाच समजली. बहुतेकांना मदतीशिवाय समजायला 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागले. म्हणजे 300 शब्दांच्या पानावर अनोळखी शब्द सहाच. त्या भारदस्त लेखात ते चाळीस असतात, आणि मग चालतं ते वाचन नव्हे, उत्खनन.

नेशन यांच्याच 2006 च्या हिशेबाने सर्वसाधारण इंग्रजी पुस्तकं या सहजतेने वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुलं लागतात. एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुल. आकडा धडकी भरवणारा आहे, पण शब्दांची वाटणी फार विषम असते. 1961 सालच्या अमेरिकन छापील मजकुरातून जमवलेल्या दहा लाख शब्दांच्या ब्राउन संग्रहात एकटा ‘द’ सुमारे सात टक्के जागा व्यापतो. वारंवार येणारे पहिले दोन-तीन हजार शब्द कार्डांवर घेऊन घासून पक्के करणं परवडतं, कारण ते पानापानांवर भेटतात. त्यापुढचे शब्द इतके विरळ येतात, की ते एकेक करून पाठ करण्यापेक्षा भरपूर वाचत राहिल्याने ते पुनःपुन्हा समोर येण्याची सोय होते. एका भेटीत शब्द क्वचितच बसतो.

शिकणाऱ्यांसाठी मोजक्या शब्दांत लिहिलेली पुस्तकं याच कामाची असतात. मोठ्या माणसांना ती हातात धरायला संकोच वाटतो. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी फिजीतल्या ग्रामीण शाळांमध्ये चौथी-पाचवीच्या वर्गांना गोष्टींची भरपूर इंग्रजी पुस्तकं देऊन पाहिली. 1983 साली छापलेल्या त्यांच्या अहवालानुसार पहिल्या वर्षी या मुलांचं वाचून आणि ऐकून समजणं नेहमीच्या दुप्पट वेगाने सुधारलं. दुसऱ्या वर्षी फरक आणखी वाढला आणि इंग्रजीच्या इतर कौशल्यांतही दिसू लागला.